तोंडी परीक्षेतील ‘आवडता पदार्थ’ : धाराशिव जिल्ह्यातील अन्नपालटाची एक बाजू

इंग्रजी भाषेच्या तोंडी परीक्षेत उमेदवाराला प्रारंभी जे परिचयात्मक प्रश्न विचारले जातात, त्यांत आहाराविषयीचे प्रश्न नेहमीचे आहेत. आवडता पदार्थ कोणता, लहानपणी कोणता आवडत असे, आणि तेव्हापासून आवड बदलली आहे काय, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप असते. परदेशी शिक्षणासाठी वा नोकरीसाठी जाऊ इच्छिणाऱ्यांची आयईएलटीएस ही परीक्षा १९८९ पासून ह्या नावाने घेतली जाते. तिच्या तोंडी भागाची आजची त्रिखंडी मांडणी २००१ च्या सुधारणेतून आलेली आहे. अकरा ते चौदा मिनिटांच्या ह्या संभाषणात गुण दिले जातात ते ओघ व सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार ह्या चार बाबींना. उमेदवाराने सांगितलेली आवड खरी आहे की नाही, हे परीक्षक पाहत नाही. ते त्याचे कामही नव्हे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने असे उत्तर हाती घेतले, तर त्याला नेमका तोच प्रश्न प्रथम विचारावा लागतो.

प्रश्नाच्या मुळाशी एक गृहीतकृत्य आहे. मनुष्याच्या पुढे अनेक पदार्थ असतात, त्यांतून तो आपल्या रुचीप्रमाणे एक निवडतो आणि वय वाढले की ती रुची पालटते, असे ते गृहीतकृत्य होय. धाराशिव जिल्ह्याच्या गेल्या शंभर वर्षांच्या आहाराला ते लावून पाहिले, तर ते अर्धेच लागू पडते. येथील जेवणाचे दोन भाग पूर्वापार मानलेले आहेत. एक अन्न, म्हणजे ज्वारीची भाकरी. दुसरे तोंडी लावणे, म्हणजे कालवण, कोरड्यास, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, ठेचा. आवडनिवड चाले ती ह्या दुसऱ्या भागात. एखाद्याला पिठले आवडे, एखाद्याला वांगे आवडत नसे. पण भाकरी आवडते काय, असे कोणी कोणाला विचारीत नसे. ती आवडीच्या कक्षेबाहेरची, पावसापाण्यासारखी गृहीत धरलेली वस्तू होती. गव्हाची पोळी सणावारी आणि भात पाहुण्यासाठी, ही मर्यादा बहुसंख्य घरांनी पाळली ती रुचीमुळे नव्हे, तर शेतात जे पिके त्यामुळे.

आणि ह्या जिल्ह्यात मोठा पालट झाला तो पहिल्या भागात. तोंडी लावणे बरेचसे टिकले. ज्याच्या तोंडी ते लावायचे तेच बदलले. तोंडी परीक्षेतील प्रश्न पदार्थाविषयी असल्यामुळे हा पालट उत्तरात उमटण्याचा संभव कमी राहतो.

हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. त्या वेळचा उस्मानाबाद जिल्हा आजच्याहून मोठा होता. लातूर त्यातून १९८२ मध्ये वेगळे झाले, आणि धाराशिव हे नाव २०२३ मध्ये अधिकृत झाले. शेती मुख्यत्वे कोरडवाहू. रब्बीच्या काळ्या जमिनीत ज्वारी आणि तिच्याबरोबर करडईच्या ओळी, ही जुनी पेरणी. ज्वारीने माणसाला भाकरी आणि बैलाला कडबा दिला. करडईने तेल दिले. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात मोहोळ येथे १९३० नंतरच्या दशकात निवडपद्धतीने तयार झालेली मालदांडी ह्या जमिनीला मानवली आणि चांगल्या भाकरीचे मापच बनली. पांढरी, चकाकणारी, चवीला गोडसर, थापताना न तुटणारी, असे तिचे गुण आजही सांगितले जातात. येथे आवडीचा प्रश्न उद्भवतो, पण तो पदार्थाविषयी नसून वाणाविषयी आहे. मालदांडीची भाकरी की दुसऱ्या ज्वारीची, हा भेद खाणाऱ्याला पहिल्या घासात कळे. इंग्रजीत त्या दोन्हींना ‘ब्रेड’ असा एकच शब्द लावून भागवले जाते.

इंग्रजी शब्दांचा विषय निघाला आहे तर एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. निजामी राजवटीत कारभाराची भाषा उर्दू होती, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणही उर्दूतून चाले. इंग्रजी ही इयत्ता पहिलीपासून राज्यभर शिकवली जाऊ लागली ती २००० साली. तरीही अन्नाशी निगडित इंग्रजी शब्द ह्या जिल्ह्यातील निरक्षर घरांतदेखील त्यापूर्वी कितीतरी आधी पोहोचले होते : लेव्ही, रेशन, कार्ड, कोटा, हायब्रीड, मिलो. हे शब्द शाळेने आणले नाहीत. सरकारी धान्यव्यवहाराने आणले. त्यांतील प्रत्येक शब्द पालटाच्या एकेका टप्प्याची खूण आहे, आणि परीक्षेसाठी पाठ केल्या जाणाऱ्या शब्दसंपत्तीत त्यांतील एकही सहसा नसतो.

‘हायब्रीड’चा टप्पा १९६४ चा. त्या वर्षी सीएसएच-१ हा ज्वारीचा भारतातील पहिला संकरित वाण प्रसृत झाला. उत्पन्न भरघोस, परंतु खरिपाचे पीक असल्याने कापणीच्या सुमारास पाऊस आला की कणीस काळे पडे. भाकरी रुचेना. पोट भरण्याच्या हिशेबात ह्या वाणाने मोठी कामगिरी केली, हे नाकारता येणार नाही. पण ज्वारी म्हणजे हलके, गरिबाघरचे धान्य ही भावना दृढ होण्यास त्याच्या काळवंडलेल्या दाण्याने हातभार लावला असावा.

‘मिलो’ त्याच सुमाराचा. अमेरिकेच्या पीएल-४८० ह्या १९५४ च्या कायद्याखाली भारतात धान्य येऊ लागले होते. १९६६ मध्ये देशाची एकूण धान्य आयात सुमारे एक कोटी टनांपर्यंत गेली. गव्हाबरोबर तांबडी ज्वारीही आली, ती मिलो. १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगणाऱ्या पिढीच्या बोलण्यात हा शब्द हमखास येतो. १९७० ते १९७३ ह्या अवर्षणाच्या काळात उस्मानाबाद हा अत्यंत पीडित जिल्ह्यांपैकी एक होता. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लक्ष मजूर होते. खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाची माती वाहणाऱ्या ह्या माणसांनी मिलोची भाकरी आणि सुकडी खाल्ली. सुकडीचे वैशिष्ट्य असे की, ज्यांनी ती लहानपणी खाल्ली त्यांपैकी कित्येक तिचे नाव आजही गोडीने घेतात. भुकेच्या वर्षात मिळालेला गोड घास आवडता ठरतो, ह्यात नवल नाही. पण त्याला ‘आवडता पदार्थ’ म्हणून नोंदवणारा इतिहासकार फसेल.

त्यानंतरचा पालट संथ, म्हणून अधिक खोल आहे. शिधावाटप दुकानातून गहू आणि तांदूळ नियमित मिळू लागले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने दरमहा माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला. तांदळाला तीन, गव्हाला दोन आणि भरड धान्याला एक रुपया किलो असा दर ठरला, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य झाले. भरड धान्य कायद्यात सर्वांत स्वस्त होते, परंतु दुकानातून लोकांच्या पदरी पडले ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. इकडे शेतातही ज्वारीची जागा आकसत गेली. खरिपात सोयाबीन आणि मागून रब्बीत हरभरा, ही जोडी नगदी म्हणून स्थिर झाली. बैलाऐवजी ट्रॅक्टर आल्यावर कडब्याचीही पूर्वीइतकी निकड राहिली नाही. ज्वारीची काढणी कष्टाची, मजुरी महाग. सोयाबीनची गोष्ट विशेष चिंतनीय आहे. ज्या शेतकऱ्याच्या रानात ते पिकते, तो ते आपल्या चुलीवर शिजवीत नाही. ते बाजारात जाते आणि तेलाच्या पिशवीच्या रूपाने परत येते. करडईचे तेल खाणारे घर अशा रीतीने सोयाबीनच्या तेलावर आले. फोडणीचा वास बदलला, आणि हा पालट कोणी निवडला असे म्हणता येत नाही.

सगळाच इतिहास असा एका दिशेचा नाही. भूम तालुक्यातील खव्याचा धंदा हे वेगळे उदाहरण आहे. नासणारे दूध दूरच्या बाजारात पाठवण्यापेक्षा ते आटवून खवा करणे सोयीचे, ह्या व्यवहारातून भट्ट्या वाढल्या आणि कुंथलगिरीचा पेढा प्रसिद्धीस आला. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र आहे. आचार्य शांतिसागर महाराजांनी येथेच सल्लेखना घेऊन, म्हणजे क्रमाक्रमाने आहाराचा त्याग करून, १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला. ज्या स्थानाचे नाव मिठाईवर लिहिले जाते, त्याच स्थानाची ख्याती अन्नत्यागाचीही आहे. आवडीच्या इतिहासात संयमाचा इतिहास सहसा मोजला जात नाही. तो मोजला पाहिजे.

दुसरे उदाहरण वेळ अमावस्येचे. मार्गशीर्षातील ह्या अमावस्येला धाराशिव, लातूर आणि सोलापूर ह्या भागांत कुटुंबेच्या कुटुंबे रानात जातात. कडब्याची कोप करून पूजा होते आणि भज्जी, अंबील, उंडे, खिचडा असे जेवण वाढले जाते. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. हिरव्या शेंगदाण्यांचा आणि भाज्यांचा बेसन लावून शिजवलेला तो पदार्थ आहे. हे जेवण वर्षातून एकदाच, त्याच पदार्थांचे, त्याच दिवशी. येथे निवडीला वाव नाही, आणि तरीही जिल्ह्याबाहेर गेलेली माणसे ह्याच जेवणासाठी गावी परततात. आवड आणि निवड ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसते. ज्यांच्या रानात आता ज्वारी नाही, त्यांना कोपीसाठी कडबा मात्र दुसऱ्याकडून आणावा लागतो.

अलीकडे ज्वारीची प्रतिष्ठा परत आली आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. महामार्गांवरील खानावळी चुलीवरच्या भाकरीची पाटी लावतात. शहरी मंडळी पौषात हुरडा खाण्यास येतात. बाजारात चांगली ज्वारी गव्हाहून महाग विकली जाते. आजा ज्वारी खाई कारण गहू परवडत नसे; नातू गहू खातो कारण तो फुकट मिळतो आणि ज्वारी परवडत नाही. दोघांनाही ‘तुझी आवड बदलली काय’ असे विचारले, तर दोघांचीही उत्तरे प्रामाणिक असूनही दिशाभूल करणारी ठरतील.

ह्यात व्याकरणाचाही भाग आहे. पूर्वीच्या सवयीसाठी इंग्रजीत जी रचना वापरतात, ती योग्य रीतीने वापरता येते की नाही हे ह्या प्रश्नातून सहज दिसते. मराठीत तिच्या जागी रीतिभूतकाळ आहे, आणि जिल्ह्यातील वृद्ध माणूस तो बहुधा अनेकवचनी वापरतो : आम्ही भाकरी खात असू, आमच्यात गहू सणालाच असे. ‘आमच्यात’ ह्या शब्दात घर, जात, गाव आणि कोरडवाहू जमीन एकदमच येतात. परीक्षेतील उत्तर ‘मी’ने सुरू होते, कारण प्रश्न ‘तुम्हांला’ असतो. मौखिक साधने गोळा करणाऱ्या अभ्यासकाने म्हणून प्रश्नाचा साचा परीक्षेवरून उचलू नये. कोणता पदार्थ आवडे, असे न विचारता घरात कोणते धान्य कोठून येई, ते कोणत्या जात्यावर वा गिरणीत दळले जाई, भाकऱ्या कोण थापी आणि ती स्वतः किती वाजता जेवायला बसे, असे विचारल्यास आवडीची माहिती आपोआप पुढे येते. ह्यातील शेवटच्या प्रश्नावर घरातील पुरुष बहुधा गप्प बसतात आणि स्त्रिया बोलू लागतात.