'मोअर बेटर' म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास

पोस्ट लांबलीय. पण इंग्रजीच्या नावानं कधी ना कधी मान खाली घातली असेल, तर वाचाच.

आमच्या वाचनालयात रविवारी सकाळी मी इंग्रजीचा वर्ग घेतो, अगदी पहिल्यापासून शिकणाऱ्यांसाठी. दोन आठवड्यांपूर्वी कापडदुकानात काम करणारी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, धिस साडी इज मोअर बेटर." मागच्या बाकावरचे दोघं फिस्सकन हसले. ती बसली, ती शेवटपर्यंत गप्पच. मला माझी अकरावी आठवली. तालुक्याच्या मराठी शाळेतून शहरात गेलेलो. भर वर्गात मी हेच दोन शब्द बोललो होतो, सरांनी ते नक्कल करून सगळ्यांना ऐकवले आणि पुढची दोन वर्षं माझं नावच 'मोअर बेटर' पडलं. त्यामुळे त्या दिवशी गुड-बेटर-बेस्टचा तक्ता बाजूला ठेवला आणि इतिहासच सांगितला.

पहिली गोष्ट. 'मोअर बेटर' हा प्रयोग शेक्सपिअरच्या 'द टेम्पेस्ट' नाटकात आहे. साधारण 1611 सालचं नाटक, आणि हे शब्द कुणा गावंढळ पात्राच्या नाही, नायक प्रोस्पेरोच्या तोंडी आहेत! इंग्रजीत विशेषणाला 'अर', 'एस्ट' जोडायची रीत जुनी. 'मोअर', 'मोस्ट' आधी लावायची रीत मध्ययुगात वाढत गेली. मग लोक जोर द्यायला दोन्ही एकदम वापरू लागले, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पुढे 1762 मध्ये रॉबर्ट लाउथ नावाच्या धर्मगुरूनं व्याकरणाचं पुस्तक लिहिलं आणि अशी दुहेरी रूपं अयोग्य ठरवली. लाउथचं बरंच काही उचलून लिंडली मरेनं 1795 मध्ये आपलं व्याकरण काढलं, ते शाळाशाळांत पोचलं. म्हणजे आपण ज्याला हसतो ती चूक 'चूक' म्हणून पक्की व्हायलाच शेक्सपिअरनंतर दीडशे वर्षं गेली. आज ती चूकच आहे, परीक्षेत मार्क जाणार, मुलाखतीत नोकरीही जाईल. तेव्हा दुरुस्त करायलाच हवी. पण हसायचं कशाला?

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. व्याकरणात याला आपण तरतमभाव म्हणतो. संस्कृतचे 'तर' आणि 'तम' हे दोन प्रत्यय, आणि 'तारतम्य' हा शब्दही त्यातूनच आला. लसावि-मसावितले लघुतम आणि महत्तम हेच. संस्कृतात आणखी एक जोडी होती, 'ईयस्' आणि 'इष्ठ'. ज्येष्ठ म्हणजे मुळात सर्वांत थोरला, कनिष्ठ म्हणजे सर्वांत धाकटा. (त्या हिशेबानं कनिष्ठ महाविद्यालय म्हणजे सर्वांत धाकटं कॉलेज!) हा 'इष्ठ' आणि इंग्रजीतला 'एस्ट' एकाच मुळातले भाऊ आहेत. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं, असं विल्यम जोन्सनं 1786 मध्ये कलकत्त्यात सांगितलं, आणि इंग्रजी ज्या कुळातली त्या जुन्या जर्मानिक भाषांनाही त्याच नात्यात बसवलं. पुढच्या अभ्यासकांनी प्रत्यय न् प्रत्यय जुळवून दाखवला. संस्कृतातला 'स्वादिष्ठ' आणि इंग्रजीतला 'स्वीटेस्ट' हा मुळापासून शेवटापर्यंत एकच शब्द आहे.

आता सांगा, आपण 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो तेव्हा काय करतो? 'श्रेष्ठ'मध्ये 'सर्वांत' आधीच आहे. म्हणजे 'मोस्ट बेस्ट'च की! प्रमाणपत्रांवर छापतो, सत्काराच्या शालीवर लिहितो, कुणी फिस्सकन हसत नाही.

आणि ती मुलगी चुकली का, तेही बघा. रोजच्या मराठीत विशेषण बदलतच नाही. 'ही साडी त्या साडीपेक्षा चांगली', सगळं ओझं 'पेक्षा'वर. जास्तच सांगायचं तर आपण पुढे 'अजून' किंवा 'जास्त' लावतो, 'अजून चांगली'. तिनं 'अजून'ला 'मोअर' केलं. डोकं चालवलं म्हणूनच चुकली. हे तिला मराठीत सांगितलं की दोन मिनिटांत कळतं. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या मराठी वाक्यावरून इंग्रजीकडे जातच.

आपण मात्र सत्तर-पंचाहत्तर वर्षं इंग्रजी कितवीपासून यावरच भांडतोय. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानं ते आठवीवर नेलं, मग महाराष्ट्रात पाचवीवर आलं. 2000 साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीवर आलं. त्या निर्णयाच्या मी विरोधात नव्हतो, आजही नाही. गरिबाच्या पोराला इंग्रजी उशिरा द्या म्हणणाऱ्यांची स्वतःची पोरं कुठल्या शाळेत जातात, हे गावात सगळ्यांना दिसतं. पण कितवीपासून हे ठरलं आणि कसं शिकवायचं हे राहूनच गेलं. आजही दहावीच्या पोराला डिग्री बदला म्हटलं की 'नो अदर'नं सुरू होणारं वाक्य तो घडाघडा लिहितो. त्यालाच भाजी मंडईत नेऊन यातला ताजा टोमॅटो कुठला ते इंग्रजीत सांग म्हणा, तोंड उघडत नाही. सूत्र पाठ, बोलणं शून्य. आणि काही वर्गांत अजून पोरांना उंचीनं उभं करून टॉल, टॉलर, टॉलेस्ट शिकवतात. शेवटी उभ्या राहणाऱ्या बुटक्या पोराला त्या दिवशी काय लक्षात राहत असेल?

माझ्या वर्गात आता आंबे, साड्या, एसटी आणि वडाप. माणसं नाहीत.

परवाच्या रविवारी ती आली. मी विषय काढलाच नाही. आंब्यांवर वाक्यं चालली होती, तिनं हात वर केला आणि पायरीपेक्षा हापूस गोड, हे इंग्रजीत नीट सांगितलं. 'स्वीटर'. 'मोअर' नाही. मागच्या बाकावरचा एक जण लगेच उठला, नो नो, पायरी इज स्वीटर. मग दहा मिनिटं वर्गात नुसता आंब्यावरून कालवा, आणि बराचसा इंग्रजीतच.