माल्ट, जिन आणि बुजवलेल्या खिडक्या

परवा धाकट्या भावाचा मंगरूळपीरहून फोन आला. "ताई, जिन पाडून राह्यले. प्लॉट पडते म्हने तिथं."

पुण्या-मुंबईच्या मंडळींनी गैरसमज करून घेऊ नये. :) आमच्या वऱ्हाडात जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. बाबा तिथे मुनीम होते. हंगामात जिनाचा भोंगा वाजला की आई भाकरीसाठी तवा चढवायची, इतका तो घरचा होता.

गंमत अशी की त्याच आठवड्यात मी इथे इंग्लंडमध्ये, श्रूजबरीला, एक जुनं माल्टघर बघून आले होते. काका, लगेच भुवया चढवू नका! माल्ट म्हणजे दारू नाही. माझ्या लेकीसाठी आईने नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, वाळवून, भाजून दळली होती ना? तसंच. इथे जव दोनतीन दिवस भिजवायचे, जमिनीवर पसरायचे, लाकडी फावड्यांनी आठवडाभर उलटेपालटे करायचे आणि मोड आले की भट्टीवर वाळवायचे. पुढे त्याची बिअर होते, हे खरं. असो.

ही इमारत मुळात माल्टसाठी बांधलेलीच नव्हती. १७९७ साली ती उभी राहिली ती जवसाच्या गिरणीसाठी. आपण चटणी करतो तेच जवस. इकडे त्याच्या खोडाचा धागा काढून लिनन विणत. त्या काळी गिरण्यांचे मजले लाकडी, हवेत धाग्याचा भुगा आणि उजेडाला दिवे. एक ठिणगी पुरे. गिरणीच्या भागीदारांपैकी जॉन मार्शल यांची लीड्सची गिरणी १७९६ मध्ये जळाली होती. म्हणून चार्ल्स बेज यांनी इथे लाकूडच टाळलं. ओतीव लोखंडाचे बारीक खांब, त्यांवर लोखंडी तुळया आणि तुळयांच्या मधे विटांच्या कमानी. लोखंडी सांगाड्यावर उभी राहिलेली ही जगातली पहिली इमारत. गगनचुंबी इमारतींची आजी म्हणा ना!

१८८६ मध्ये गिरणी बंद पडली. १८९७ मध्ये विल्यम जोन्स यांनी ती माल्टसाठी घेतली. प्रत्येक मजला मोकळा, मधे फक्त खांबांच्या रांगा. धान्य पसरायला आयती जागा. शेजारी उतरत्या छपराची भट्टी बांधली, धान्य वर चढवायला मनोरा उभारला आणि राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली म्हणून त्या मनोऱ्यावर लोखंडी मुकुट बसवला. सुतासाठी भरपूर उजेड लागायचा, म्हणून खिडक्या मोठ्या होत्या. मोडांना मात्र सारखी, गार हवा हवी. म्हणून बहुतेक खिडक्या विटांनी बुजवल्या. आजही भिंतीवर नजर फिरवली की कुठे खिडकी होती ते विटांवरून कळतं.

१९८७ मध्ये माल्टही थांबलं. मग बरीच वर्षं इमारत रिकामी. २००५ मध्ये इंग्लिश हेरिटेज या सरकारी संस्थेने ती घेतली आणि २०२२ मध्ये ती लोकांसाठी उघडली. मधल्या काळात कुणी पाडली असती तर?

तेच मी भावाला म्हटलं. तो शांतपणे म्हणाला, "तिकडं सरकार पैसे देते ताई. इथं कोन देईल?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाडाची आठवण झाली. मग आपल्याकडे रेल्वे, जिन आणि प्रेस आले. आता आमच्या शिवारात सोयाबीन जास्त दिसतं. श्रूजबरीच्या इमारतीला दुसरं धान्य मिळालं म्हणून ती तगली. आमच्या जिनाला ते मिळालं नाही, आणि मिळवून द्यावं असं आम्हा कुणाच्या मनातही आलं नाही. मी स्वतः तीस वर्षं तिच्यासमोरून गेले, एक फोटो काढला नाही.

शेवटी भावाला एवढंच सांगितलं, पाडायच्या आधी टेप घेऊन मापं घे आणि चारी बाजूंनी फोटो काढ. त्याने काढले. एका फोटोत रुईच्या खोलीची खिडकी वेगळ्याच विटांनी बुजवलेली दिसते. आईला विचारलं. ती म्हणाली, "एकदा रुईला आग लागली होती, तू लहान होतीस. मग तुझ्या बाबांनीच उभं राहून बुजवून घेतली ती."

घरात ही गोष्ट आजवर कुणी बोललंच नव्हतं.

नातेवाईकांनो, कुणाकडे जिनातला एखादा जुना फोटो असेल, लग्नाच्या अल्बममध्ये मागे दिसणारा का असेना, तर नक्की पाठवा. घाई आहे.