पुण्यातील सॉफ्टवेअर उद्योग

पुण्यातील सॉफ्टवेअर उद्योग हा महाराष्ट्राच्या पुणे जिल्ह्यातील एक प्रमुख सेवा उद्योग आहे. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, हडपसर, तळवडे व बाणेर ही त्याची मुख्य केंद्रे होत. संशोधन संस्था, अभियांत्रिकी शिक्षण व आधीपासूनचा वाहन उद्योग यांच्या आधारावर हा उद्योग वाढला.

पार्श्वभूमी

पुण्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयाची स्थापना १८५४ मध्ये, तर पुणे विद्यापीठाची १९४९ मध्ये झाली. १९६० च्या दशकापासून पिंपरी, चिंचवड व भोसरी परिसरात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (एमआयडीसी) वसाहती उभ्या राहिल्या आणि वाहने, इंजिने व सुटे भाग तयार करणारे कारखाने तेथे आले. १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाल्याने पदवीधरांची संख्या झपाट्याने वाढली.

प्रारंभीचा काळ

१९८१ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने पुण्यात टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्र सुरू केले. त्याच वर्षी इन्फोसिस ही कंपनी पुण्यात स्थापन झाली. मात्र १९८३ मध्ये तिने आपले मुख्यालय बंगळूरला हलवले. अमेरिकेकडून महासंगणक मिळण्यात अडथळे आल्यानंतर केंद्र सरकारने १९८८ मध्ये प्रगत संगणन विकास केंद्राची (सी-डॅक) स्थापना पुण्यात केली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. भारतीय भाषांच्या संगणकीय वापरासाठीही सी-डॅकने काम केले. पुण्यातीलच मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी' ही प्रणाली मराठी मुद्रण व्यवसायात दीर्घकाळ वापरली गेली.

१९९० नंतरची वाढ

केंद्र सरकारच्या सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क योजनेतील पहिल्या तीन केंद्रांत बंगळूर व भुवनेश्वर यांच्याबरोबर पुण्याचा समावेश होता. या योजनेमुळे निर्यातदार कंपन्यांना उपग्रहाद्वारे संपर्क, आयातीतील सवलती व करमाफी मिळाली. त्यामुळे अभियंत्यांना परदेशी ग्राहकाकडे पाठवण्याऐवजी काम पुण्यातूनच करून देणे सोपे झाले. १९९८ मध्ये महाराष्ट्र शासनाने माहिती तंत्रज्ञान धोरण जाहीर केले.

याच काळात स्थानिक कंपन्याही उदयास आल्या. आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पर्सिस्टंट सिस्टिम्सची स्थापना केली. त्याच वर्षी सुरू झालेल्या केपीआयटीने वाहनांसाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रावीण्य मिळवले. कैलाश काटकर यांचा संगणक दुरुस्तीचा व्यवसाय पुढे 'क्विक हील' या विषाणूरोधक प्रणालीच्या निर्मितीकडे वळला. वाहन उद्योगाच्या सान्निध्यामुळे अभियांत्रिकी अभिकल्प व यंत्रांत अंतर्भूत होणारे सॉफ्टवेअर हे पुण्याचे वैशिष्ट्य ठरले.

जमीन व उद्याने

हिंजवडी येथील राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान एमआयडीसीने विकसित केले. मुळशी तालुक्यातील हिंजवडी व माण परिसरातील जमीन त्यासाठी टप्प्याटप्प्याने संपादित करण्यात आली. जमिनीचा मोबदला मिळाल्यानंतर मूळ मालकांचा उद्यानाच्या उत्पन्नाशी थेट संबंध राहिला नाही. अनेक कुटुंबे घरभाडे, वाहतूक व खानावळ अशा पूरक व्यवसायांकडे वळली.

हडपसरजवळील मगरपट्टा येथे वेगळी पद्धत अवलंबिली गेली. सतीश मगर यांच्या पुढाकाराने सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकत्र केली व स्वतःची कंपनी स्थापन केली. जमिनीच्या प्रमाणात त्यांना भाग मिळाले. घरांच्या विक्रीबरोबरच सायबरसिटीतील कार्यालयांचे भाडे हे या प्रकल्पाचे उत्पन्नाचे साधन झाले. नागरीकरणात शेतकऱ्याला भागीदार करण्याचे उदाहरण म्हणून या प्रकल्पाचा उल्लेख केला जातो.

परिणाम व प्रश्न

उद्योगाच्या वाढीमुळे विदर्भ, मराठवाडा, खानदेश व इतर राज्यांतून सुशिक्षित तरुणांचे पुण्याकडे स्थलांतर झाले. वाकड, बाणेर, बालेवाडी, खराडी व वाघोली येथे मोठ्या निवासी वसाहती उभ्या राहिल्या आणि जमिनीच्या किमती वाढल्या. सुरक्षा, स्वच्छता, वाहनचालन व भोजनव्यवस्था या क्षेत्रांत रोजगार निर्माण झाला. मात्र त्यातील बराचसा कंत्राटी स्वरूपाचा आहे.

हिंजवडी उद्यान उभे राहिले तेव्हा ही गावे महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर होती. उद्यानाचे अंतर्गत रस्ते एमआयडीसीकडे, गावठाणातील सुविधा ग्रामपंचायतीकडे आणि २०१५ पासून प्रादेशिक नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, अशी जबाबदारी विभागली गेली. रस्त्यांवरील कोंडी, पावसाळ्यात साचणारे पाणी व कचरा हे प्रश्न या विभागणीमुळे अधिक कठीण झाले. परिसराचा पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समावेश करण्याची मागणी वारंवार झाली आहे. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या सुमारे २३ किलोमीटर लांबीच्या मेट्रो मार्गाचे भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये, म्हणजे उद्यान वर्दळीचे झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी झाले.