बंद दारे, उघडा रंगमंच

एखाद्या समाजासाठी राज्यकर्त्यांनी कायद्याने सारी दारे बंद केली, तर त्या समाजातील बुद्धी आणि प्रतिभा जाते तरी कोठे? इतिहासाची पाने चाळताना हा प्रश्न आमच्या मनात वारंवार उभा राहतो. कोणी परदेशाची वाट धरतात, कोणी व्यापारात शिरतात, कोणी पूर्वजांचा धर्म मुकाट्याने टाकून देतात. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये मात्र काही कॅथलिक माणसांना आणखी एक दार सापडले. ते होते नाटकगृहाचे दार. आज त्या दाराने आत गेलेल्या दोन घराण्यांची कथा वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. त्यांपैकी एक घराणे आर्न यांचे, तर दुसरे केंबल यांचे.

कायद्याच्या छायेत

त्या काळच्या इंग्लंडात कॅथलिकांची अवस्था काय होती, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. १६७३ च्या ‘टेस्ट अ‍ॅक्ट’नुसार शासकीय वा लष्करी पद हवे असणाऱ्याने अँग्लिकन विधीप्रमाणे प्रभुभोजन घ्यावे आणि भाकर व द्राक्षारस ही ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात या शिकवणुकीचा उघड इन्कार करावा, असा दंडक होता. १७०० साली आणखी कठोर कायदा आला. मिस्सा अर्पण करणाऱ्या धर्मगुरूला जन्मठेप, तर त्याला पकडून देणाऱ्याला शंभर पौंडांचे बक्षीस! कॅथलिकांनी जमीन विकत घेऊ नये आणि वारसाहक्कानेही मिळवू नये, असेही त्यात होते. पार्लमेंट बंद, दरबार बंद, अँग्लिकन कॅथीड्रलांतील संगीताच्या नोकऱ्याही बंद. लंडनमध्ये उघडपणे मिस्सा ऐकायची, तर परकीय राजदूतांच्या खासगी चॅपलमध्ये जावे लागे. लिंकन्स इन फील्ड्सजवळचे सार्डिनियाच्या राजदूताचे चॅपल त्यांत विशेष प्रसिद्ध होते. ड्रुरी लेनच्या नाटकगृहापासून ते थोड्याच अंतरावर होते.

नाटकवाल्यांना मात्र धर्माची शपथ कोणी विचारीत नसे. याचे कारण औदार्य नव्हे. परवान्यावाचून खेळ करणाऱ्या नटांना इंग्लंडचा कायदा भटक्या-भामट्यांतच मोजत होता. ज्यांना मुळात प्रतिष्ठाच नाही, त्यांच्या श्रद्धेची चौकशी कोण करणार?

येथे सत्याला धरून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जेथे सत्ता कॅथलिकांच्या हाती होती, त्या फ्रान्समध्ये नटांची स्थिती याहून वाईट होती. तेथे ख्रिस्तसभा नटांना संस्कार नाकारीत असे. १६७३ साली थोर नाटककार मोलिएर याला रात्रीच्या अंधारात पुरावे लागले, आणि तेही राजाने शब्द टाकला म्हणून. १७३० च्या मार्चमध्ये पॅरिसची नामवंत अभिनेत्री आद्रिएन लकुव्हरर वारली. तिला ख्रिस्ती दफन मिळाले नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लंडनची अभिनेत्री अ‍ॅन ओल्डफील्ड मरण पावली. तिला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत सन्मानाने मूठमाती देण्यात आली. या दोन दफनांतील अंतर आम्हां धर्मगुरूंना विचार करायला लावणारे आहे.

रुमालाखालचे सूर

थॉमस ऑगस्टीन आर्न याचा जन्म १७१० साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात झाला. बाप गाद्या-पडदे व घरसामान सजविण्याचा धंदा करी. कॅथलिक श्रद्धा मुलांना मिळाली ती आईकडून. मुलाने वकील व्हावे म्हणून बापाने त्याला ईटनच्या शाळेत घातले आणि पुढे एका वकिलाच्या हाताखाली ठेवले. पण पोराचा जीव संगीतात गुंतला होता. त्याने स्पिनेट नावाचे पेटीसारखे तारवाद्य चोरून आपल्या खोलीत आणले आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तारांवर रुमाल पसरून तो रात्री-अपरात्री सराव करू लागला. इटालियन ऑपेरा पाहायला पैसे नसत. तेव्हा तो एखाद्या नोकराचा गणवेश मागून अंगावर चढवी आणि धनिकांच्या चाकरांसाठी राखलेल्या सज्जात जाऊन बसे. एके दिवशी शेजारच्या घरी मैफलीला गेलेल्या बापाने पाहिले, तर व्हायोलिन वाजविणाऱ्यांच्या अग्रभागी आपलाच चिरंजीव! बापाने हात टेकले आणि एका वकिलाच्या बदल्यात इंग्लंडला एक संगीतकार मिळाला.

आर्नने ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन येथील रंगभूमीसाठी विपुल संगीत दिले. मिल्टनच्या ‘कोमस’चा त्याने केलेला रंगमंचीय आविष्कार १७३८ साली गाजला. १ ऑगस्ट १७४० रोजी युवराज फ्रेडरिकच्या क्लिव्हडन येथील निवासस्थानी ‘आल्फ्रेड’ हे संगीतरूपक सादर झाले. त्याच्या शेवटी आलेले ‘रूल, ब्रिटानिया’ हे गीत पुढे ब्रिटिश साम्राज्याचा जणू जयघोष ठरले. ज्या राष्ट्राने कॅथलिकांना नागरिकत्वाचे पूर्ण हक्क दिले नव्हते, त्याच राष्ट्राचे गौरवगीत एका कॅथलिकाने रचले, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही.

पाच वर्षांनी हाच विरोधाभास अधिक तीव्रतेने प्रकट झाला. १७४५ साली कॅथलिक स्टुअर्ट राजपुत्र चार्ल्स एडवर्ड याने सिंहासनासाठी बंड पुकारले आणि २१ सप्टेंबरला प्रेस्टनपॅन्स येथे राजाच्या फौजेचा पराभव केला. लंडनमध्ये प्रत्येक कॅथलिकाकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. अशा वेळी २८ सप्टेंबर रोजी ड्रुरी लेनच्या रंगमंचावर राजासाठी एक प्रार्थनागीत गायिले गेले. ते होते ‘गॉड सेव्ह द किंग’. त्या रात्रीची स्वररचना आर्नची होती आणि गाणाऱ्यांत त्याची बहीण सुझाना होती. ही भीती म्हणावी, व्यवहार म्हणावा, की निष्ठा? माणसाचे अंतःकरण देव जाणतो. आम्ही एवढेच म्हणू की, आपल्या श्रद्धेमुळे आपले देशप्रेम वारंवार सिद्ध करावे लागणे, हे ओझे अल्पसंख्य समाजाला नवे नाही.

डब्लिनमधील ती दुपार

सुझाना आर्न हिचा जन्म १७१४ सालचा. भावाने तिला गायन शिकविले. वयाच्या विसाव्या वर्षी तिचा विवाह नट थिओफिलस सिबर याच्याशी झाला. १७३६ साली ‘झारा’ या शोकांतिकेत तिने मुख्य भूमिका केली. ही नायिका ख्रिस्ती कुळात जन्मलेली, परंतु जेरुसलेमच्या सुलतानाच्या वाड्यात वाढलेली. प्रेम आणि पूर्वजांचा धर्म या दोहोंत ती विदीर्ण होते. एका रात्रीत सुझाना लंडनची लाडकी झाली.

घरात मात्र नरक होता. नवरा उधळ्या. तिचा पगार, तिचे दागिने, तिचे पोशाख सारे त्याच्या कर्जापायी जाऊ लागले. विल्यम स्लोपर नावाच्या धनिकाशी तिची जवळीक झाली, ती नवऱ्याच्या संमतीने नव्हे, तर उत्तेजनानेच. पैसा हाती येत होता तोवर त्याची तक्रार नव्हती. ती स्लोपरकडे निघून गेली, तेव्हा त्याने माणसे घेऊन तिला बळजबरीने लंडनला आणले. भाऊ थॉमस धावून आला आणि दार फोडून त्याने बहिणीला सोडविले. पुढे नवऱ्याने स्लोपरवर पाच हजार पौंडांचा दावा लावला. ज्यूरीने प्रकरण ओळखले आणि त्याच्या पदरात दहा पौंड टाकले. दुसऱ्या दाव्यात त्याला पाचशे पौंड मिळाले. पण अब्रू गेली ती तिची. खटल्यातील लाजिरवाणे तपशील छापून रस्त्यांवर विकले गेले. सुझाना रंगभूमीवरून दिसेनाशी झाली.

१७४१ च्या अखेरीस ती आयर्लंडमध्ये डब्लिन येथे गेली. जर्मनीत जन्मलेला आणि लंडनमध्ये स्थायिक झालेला संगीतकार हँडल त्याच सुमारास तेथे आला होता. ‘मसाया’ ही चोवीस दिवसांत लिहून पूर्ण केलेली रचना त्याच्यापाशी होती. वेशभूषा व अभिनय यांविना केवळ गाण्यातून पवित्र कथा सांगणाऱ्या या प्रकारास ऑरॅटोरिओ म्हणतात. सुझानाचा आवाज लहान होता आणि तिला स्वरलिपी नीट वाचता येत नसे. हँडल शीघ्रकोपी म्हणून प्रसिद्ध, पण त्याने तिच्यापाशी बसून एकेक स्वर तिला शिकविला. त्याने तिच्या आवाजाहून तिच्या उच्चारातील आर्तता अधिक मोलाची मानली होती.

१३ एप्रिल १७४२ रोजी भर दुपारी फिशॅम्बल स्ट्रीटवरील संगीतगृहात प्रयोग झाला. अधिक माणसे मावावीत म्हणून स्त्रियांनी घेरदार सांगाड्याचे झगे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून यावे, अशी विनंती करण्यात आली होती. सुमारे सातशे श्रोते दाटीवाटीने बसले. दुसऱ्या भागात सुझाना उठली. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातील दुःखी सेवकाचे, माणसांनी झिडकारलेल्या त्या पुरुषाचे गीत तिच्या वाट्याला आले होते. समोरच्या प्रत्येकाला तिचा खटला ठाऊक होता. झिडकारले जाणे म्हणजे काय, हे तिला कोणी शिकवावे लागले नाही. असे सांगतात की, सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलचे चान्सलर डॉ. पॅट्रिक डिलेनी, ज्यांच्या पत्नीचे नुकतेच निधन झाले होते, ते भारावून उभे राहिले आणि या गाण्याबद्दल त्या स्त्रीची सारी पापे क्षमा होवोत, असे उद्गारले.

श्रोत्यांत बसून पापक्षमा देण्याची तरतूद आम्ही सेमिनरीत शिकलेल्या कोणत्याही ग्रंथात नाही! शिवाय सुझानाचे पुढील जीवन स्लोपरसोबतच गेले, हेही लपविण्याचे कारण नाही. तथापि परूश्याच्या घरी प्रभूचे पाय आसवांनी भिजविणारी ती स्त्री लूकच्या शुभवर्तमानात वाचताना आम्हांला डब्लिनची ही दुपार आठवते. आणि क्षमेचे फळ म्हणाल, तर त्या प्रयोगाच्या उत्पन्नातून दोन रुग्णालयांना साहाय्य मिळाले आणि कर्जापायी तुरुंगात खितपत पडलेल्या १४२ माणसांची सुटका झाली. जिच्या घराची कर्जाने धूळधाण केली, तिच्या गाण्याने कर्जबाजाऱ्यांच्या बेड्या तुटल्या.

सुझाना लंडनला परतली आणि महान नट डेव्हिड गॅरिक याच्या बरोबरीने शोकांतिकेची सम्राज्ञी म्हणून गाजली. ती अखेरपर्यंत कॅथलिक राहिली. १७६६ च्या जानेवारीत ती निवर्तली, तेव्हा तिच्याबरोबर शोकांतिकाही अर्धी मेली, अशा अर्थाचे उद्गार गॅरिकने काढले. तिला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या उत्तरेकडील ओवरीत पुरण्यात आले. ज्यांच्या धर्माला देशात बंदी होती, त्यांतील एक नटी, एके काळी बेनेडिक्टाइन संन्याशांच्या असलेल्या त्या वास्तूत विसावली.

भाऊ थॉमस काही संत नव्हता. गुणी गायिका असलेली पत्नी सिसिलिया हिच्याशी त्याची वागणूक वाईट होती. दोघे कित्येक वर्षे विभक्त राहिली आणि १७७७ साली पुन्हा एकत्र आली. सार्डिनियन चॅपलसाठी मात्र त्याने लॅटिन मिस्सांचे संगीत रचले होते. ५ मार्च १७७८ रोजी तो मरण पावला. अखेरच्या दिवसांत तो संस्कारांकडे परतला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्यानंतर तीनच महिन्यांत कॅथलिकांना दिलासा देणारा पहिला कायदा संमत झाला. त्या कायद्याविरुद्ध १७८० साली लंडनमध्ये दंगली उसळल्या, आणि जमावाने प्रथम आग लावलेल्या प्रार्थनास्थळांत हेच सार्डिनियन चॅपल होते.

सेमिनरीतून रंगमंचावर

दुसरे घराणे केंबल यांचे. रॉजर केंबल हा गावोगाव फिरणाऱ्या नाटकमंडळीचा चालक. १६७९ साली वयाच्या ऐंशीच्या घरात असताना हेरफर्ड येथे फाशी गेलेले हुतात्मा धर्मगुरू संत जॉन केंबल हे आपल्या कुळातले, अशी त्या घराण्याची धारणा होती. पोप पॉल सहावे यांनी १९७० साली त्यांना चाळीस हुतात्म्यांसमवेत संतपद बहाल केले. रॉजर कॅथलिक, तर पत्नी सेरा प्रॉटेस्टंट. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलगे बापाच्या धर्मात आणि मुली आईच्या धर्मात वाढल्या.

थोरली कन्या सेरा सिडन्स १७५५ साली वेल्समधील ब्रेकन येथे एका खाणावळीत जन्मली. लंडनमधील पहिल्या प्रयत्नात ती सपशेल पडली. सुमारे सहा वर्षे तिने प्रांतोप्रांती काम केले, आणि १० ऑक्टोबर १७८२ रोजी ड्रुरी लेनवर परतताच अवघ्या शहराला रडविले. तिची लेडी मॅकबेथ आजही नाट्येतिहासात मापदंड मानली जाते.

तिचा भाऊ जॉन फिलिप याला बापाने धर्मगुरू होण्यासाठी फ्रान्समधील दुए येथील इंग्लिश कॉलेजात पाठविले. बंदीच्या काळात इंग्लंडला धर्मगुरू पुरविणारी ही सेमिनरी. तिच्यातून बाहेर पडलेले कित्येक जण फासावर चढले होते. जॉनला ते पाचारण आपले वाटले नाही. १७७५ च्या अखेरीस तो परतला आणि पुढील जानेवारीत वुल्व्हरहॅम्प्टन येथे रंगमंचावर उभा राहिला. १७८३ साली त्याने ड्रुरी लेनवर हॅम्लेट साकारला. पुढे लंडनच्या दोन्ही प्रमुख नाटकगृहांचा कारभार त्याने पाहिला. त्याचे स्पष्ट व भारदस्त पठण आणि काटेकोर अभ्यास यांत आम्हांला तरी सेमिनरीची शिस्त दिसते. ज्याचे पाचारण वेगळे ठरते, तो वाया गेला असे मानणाऱ्या आपल्या समाजाने हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

१७८३ साली वृद्ध डॉ. जॉन्सन यांनी सेरा सिडन्सला विचारले की, शेक्सपिअरच्या पात्रांपैकी तुला कोणते अधिक आवडते? तिने नाव घेतले ते ‘आठवा हेन्री’मधील राणी कॅथरिनचे. राजाने टाकलेली, परंतु विवाहबंधनाच्या पावित्र्यावर अढळ राहिलेली ही कॅथलिक राणी. तिच्या घटस्फोटाच्या प्रश्नावरूनच इंग्लंड रोमपासून तुटले. पुढे प्रॉटेस्टंट बहिणीने राणी कॅथरिन आणि कॅथलिक भावाने कार्डिनल वूल्झी उभा केला. त्या दरबारदृश्याचे हार्लो या चित्रकाराने काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. व्यासपीठावरून जी कथा सहानुभूतीने सांगण्याची सोय नव्हती, ती रंगमंचावरून सांगितली गेली आणि प्रॉटेस्टंट लंडनने ती आसवे गाळीत पाहिली.

धाकटा भाऊ चार्ल्स हाही दुए येथेच शिकलेला. त्याची कन्या फॅनी १८२९ साली जुलिएट म्हणून प्रकट झाली आणि १८३२ साली पित्याबरोबर अमेरिकेत गाजली. तेथे विवाहानंतर पतीच्या जॉर्जियातील मळ्यांवर तिने गुलामांची दैना पाहिली. पुढे घटस्फोट झाला आणि तिला दोन मुलींपासून दुरावावे लागले. मळ्यावरील ती रोजनिशी तिने १८६३ साली, यादवी युद्ध पेटलेले असताना, प्रसिद्ध केली. शेक्सपिअरचे शब्द बोलणारी वाणी मुक्यांसाठीही बोलली.

अखेरीस

ज्या कायद्याने कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडले, त्याला राजाची संमती मिळाली ती १३ एप्रिल १८२९ रोजी, म्हणजे डब्लिनमधील त्या प्रयोगाला बरोबर सत्याऐंशी वर्षे झाली त्या दिवशी. तोवर जॉन फिलिप केंबललाही जाऊन सहा वर्षे लोटली होती.

ही माणसे हुतात्मे नव्हती. त्यांची नावे आमच्या संतमालिकेत नाहीत आणि असण्याचे कारणही नाही. पण छळाच्या काळात श्रद्धा केवळ हुतात्म्यांनी जगविली, असे मानणे अपुरे ठरेल. रविवारी सार्डिनियन चॅपलमध्ये गुडघे टेकणाऱ्या आणि सोमवारी तोंडाला रंग लावणाऱ्या दुबळ्या माणसांनीही ती आपल्या परीने सांभाळली. तरुणपणी क्राकोच्या गुप्त नाट्यमंडळीत नट म्हणून वावरलेले संत जॉन पॉल दुसरे यांनी पोप असताना १९९९ साली कलावंतांना उद्देशून पत्र लिहिले, तेव्हा लकुव्हररसारख्यांना नाकारलेला सन्मान ख्रिस्तसभेने उशिरा का होईना दिला, असे आम्हांस वाटते.

वाचकहो, ‘मसाया’तील ‘हालेलुया’ आपल्यापैकी बहुतेकांनी गीतमंडळाकडून ऐकलेले असते. जमल्यास त्याच रचनेतील दुःखी सेवकाचे गीत एकदा शांतपणे ऐकावे. आणि आपल्या धर्मग्रामातील एखाद्या मुलाने वा मुलीने नाटकात जाण्याचा हट्ट धरला, तर घराचे दार लावून घेण्याआधी सुझाना सिबरचे स्मरण करावे.