धुराड्यातून गेलेली वीज

आमचा सिहोरा भाग धानाचा. माझी हयात उष्णा तांदळाच्या गिरणीत, बॉयलरपाशी गेली. तुसं जाळायची, वाफेवर धान घ्यायचं. बाकीची ऊब धुराड्यातून आभाळात.

त्या उबेची वीजही होते. दोन वेगळ्या धातूंच्या तापल्या-गार सांध्यांतून वीज वाहते, हे सीबेक या शास्त्रज्ञाच्या १८२१च्या प्रयोगातून कळलं. त्याला दिसली नुसती होकायंत्राची हललेली सुई. बुवा चुंबकत्वच समजून बसला! पुढे याच तत्त्वावर १९५०च्या दशकात सोव्हिएत खेड्यांत रॉकेलच्या दिव्याच्या आचेवर रेडिओ वाजू लागले.

आज उबेची वीज करणारी बिस्मथ टेल्युराइडची चकती वाफेच्या नळीवर बसते, वरची बाजू गार राखायला ॲल्युमिनियमचे पंख. वीज मिलिवॅटमध्येच, पण बिनतारी सेन्सरला पुरते. तो जागतो, तापमान कळवतो, झोपतो. मोटार मात्र त्यावर फिरायची नाही. मालकांनो, बॉयलरजवळ सेलवाला सेन्सर लावण्याआधी ही चकती एकदा बघाच.