काळ्या लांकडाचा हट्ट

गिटारीच्या मानेवर जेथें बोटें दाबावयाचीं, त्या पट्टीस आबनुसाचें कठीण लांकूड उत्तम. पण तें निर्भेळ काळेंच असावें, हा गिऱ्हाइकांचा जुना हट्ट. कॅमेरूनच्या अरण्यांत या हट्टाचें फळ काय झालें? झाड तोडल्यावांचून आंतील रंग कळत नाहीं. दहा झाडें पाडावींत तेव्हां एक काळें निघे. करड्या रेघांचीं उरलेलीं नऊ जागींच कुजत, असें अमेरिकन गिटारकार बॉब टेलर सांगतात. २०११ सालीं त्यांच्या कंपनीनें एका स्पॅनिश भागीदारासह याउंदे येथील क्रेलिकॅम ही लांकडाची गिरणी विकत घेतली, व रेघाळ लांकूडहि वाद्यांस लावण्यास आरंभ केला. रेघांनीं स्वर उणा होत नाहीं. चांगला पुरवठादार शोधणाऱ्यानें प्रथम आपली आवड तपासावी, हाच या इतिहासाचा बोध आम्हांस वाटतो.