आयआयटीतील मुलींसाठीच्या अधिसंख्य जागा म्हणजे काय?

२०१७ पर्यंत आयआयटींच्या बी.टेक. प्रवेशांत मुलींचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होते. ते वाढवण्यासाठी २०१८ पासून मुलींकरिता अधिसंख्य (सुपरन्यूमररी), म्हणजे ठरलेल्या जागांखेरीज जादा जागा निर्माण करण्यात आल्या. मुलींचा वाटा २०१८ मध्ये १४, २०१९ मध्ये १७ आणि २०२० मध्ये २० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट होते.

जागा वाढीव असल्याने मुलांच्या वाट्याच्या जागा कमी होत नाहीत. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमध्ये पात्र ठरणे मुलींनाही बंधनकारकच आहे. म्हणूनच या उपायाला मर्यादाही आहे: मुलीला कोचिंगसाठी परगावी पाठवायचे की नाही, हे घरात ठरते. परीक्षेपर्यंतच न पोहोचलेल्या मुलीला जादा जागेचा उपयोग होत नाही.